९ मिमी म्हणजे सगळी सारखी नव्हेत

वॉल्थर पीपीके हे छोटं पिस्तूल ९ मिमीमध्ये मिळतं, म्हणजे त्यात ९ मिमी पॅराबेलम हे काडतूसही चालेल, असं कुणाला वाटेल. अजिबात नाही! पीपीकेचं ९ मिमी काडतूस म्हणजे .३८० एसीपी, त्याचं धातूचं कवच १७ मिमी लांब. पॅराबेलमचं १९ मिमी आणि गोळी सुटताना होणारा दाबही बराच जास्त. पीपीकेत नळी पक्की बसवलेली असते, स्लाइडला (गोळी सुटल्यावर मागे सरकणाऱ्या वरच्या भागाला) लॉक नाही. तिचं वजन आणि नळीभोवतीची स्प्रिंग एवढ्यावरच सगळा दाब पेलायचा. म्हणूनच लहान काडतूस असूनही हाताला धक्का चांगलाच जाणवतो. पीपीकेचंच .३२ काडतूस त्यामानाने सौम्य, आणि मॅगझिनमध्ये सहाऐवजी सात बसतात.

मला सगळ्यात आवडते ती हॅमरच्या (मागच्या घोड्याच्या) वरची बारीक पिन. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीत, काडतूस असलं की ती बाहेर डोकावते, अंधारातही अंगठ्याला लागते. तरी स्लाइड मागे ओढून डोळ्यांनी खात्री करायचीच.