हिग्वाइनचा विषय परत काढला कोणी?

आमच्या घरच्या ग्रुपवर एरवी वाढदिवस आणि हरवलेल्या किल्ल्या यांपलीकडे काही चालत नाही. १३ जुलैला मात्र हमखास पेटतं. २०१४ ला याच दिवशी फुटबॉल वर्ल्ड कपच्या फायनलमध्ये अर्जेंटिना जर्मनीकडून १-० हरली. यंदा ठिणगी भाच्याने टाकली. माझ्या फोनवर नावं जशी आहेत तशीच ठेवली आहेत. मामा सोडून सगळे अर्जेंटिनावाले, मामा जर्मनीचा. वहिनी कोणाचीच नाही, असं ती म्हणते.

छोटू: हा फोटो बघा. मेस्सी कपाकडे असा का बघतोय? कप त्याच्याकडेच आहे ना?

दादा: तो २०२२ चा नाही रे. २०१४. माराकाना, रिओ. शेजारून चाललाय, पण हात लावता येत नाही.

मी: एका चिनी छायाचित्रकाराने काढलाय तो. पुढे त्याला वर्ल्ड प्रेस फोटोचं बक्षीस मिळालं.

मामा: ११३

दादा: मामा, नको.

मामा: मी फक्त एक आकडा लिहिला.

छोटू: ११३ म्हणजे?

मामा: ११३ वं मिनिट, बाळा. डावीकडून शुर्लेचा क्रॉस, गॉट्झेने छातीवर घेतला, खाली पडू न देता डाव्या पायाने आत. तुझा बाबा त्यानंतर दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हता.

दादा: तीन.

वहिनी: छोटू, दहा वाजले. झोप.

छोटू: आई, पाच मिनिटं.

दादा: मुळात ११३ पर्यंत जायचीच नव्हती ती मॅच. २१ व्या मिनिटाला संपवायची होती. जर्मनीच्या क्रूसने स्वतःच्याच गोलकडे हेडर मारला, मध्ये एकही जर्मन नाही, समोर फक्त त्यांचा गोली नॉयर. आणि आपला स्ट्रायकर हिग्वाइन. एकटा. वेळ होता, दोन पावलं पुढे जाता आलं असतं. पण साहेबांना घाई. गेला बाहेर. गोलीला हात लावायचीही गरज पडली नाही.

दादा: अजूनही डोळ्यांसमोर येतं.

मी: हिग्वाइनचा विषय परत काढला कोणी?

दादा: मी. दरवर्षी मीच काढणार.

मामा: आणि ३० व्या मिनिटाला त्याने गोल मारलासुद्धा. हात पसरून धावत सुटला होता बिचारा. मागे झेंडा केव्हाच वर. ऑफसाइड.

दादा: ते ऑफसाइड होतंच, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार नॉयरच्या गुडघ्याची. दुसऱ्या हाफमध्ये चेंडूला हात लावायला हवेत उडाला आणि गुडघा सरळ हिग्वाइनच्या डोक्यापाशी. आणि फ्री किक कोणाला? जर्मनीला!!

मामा: चेंडूला आधी हात लागला होता.

दादा: हात चेंडूला लागला, गुडघा माणसाला लागला.

मामा: रेफरी रिझोलीने दिला तो निर्णय. मी नाही.

काकू: 🌷 शुभ रात्री 🌷 जे होतं ते चांगल्यासाठीच होतं 🌷

दादा: काकू, आत्ता नको.

आत्या: मी मघापासून वाचतेय. आता बोलते. छोटू, तू झोपू नकोस.

वहिनी: आत्या!

आत्या: दहा मिनिटं दे गं. हे पोर २०२२ बघून मोठं झालंय. त्याला वाटतं अर्जेंटिना म्हणजे जिंकणारी टीम.

आत्या: दादा दरवर्षी हिग्वाइनला फाशी देतो. ठीक आहे. पण बेल्जियमविरुद्ध क्वार्टर फायनल १-० जिंकलो, तो एकमेव गोल कोणाचा? आठव्या मिनिटाला, वळता वळता, चेंडू खाली पडायच्या आत मारलेला? तोच हिग्वाइन. तो गोल नसता तर २१ वं मिनिट उजाडलंच नसतं, आणि तुला दरवर्षी रडायला विषयही मिळाला नसता.

दादा: आत्या, तो गोल मान्य. पण २०१५ ला कोपा अमेरिकेच्या, म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या स्पर्धेच्या, फायनलमध्ये चिलीविरुद्ध अगदी शेवटी पोस्टजवळ सुटला, मग पेनल्टी बारवरून. २०१६ ला पुन्हा चिली, पुन्हा एकटा, पुन्हा बाहेर. लागोपाठ तीन फायनल!

आत्या: आणि २०१६ ला पेनल्टी बारवरून कोणी मारली, ते पण लिही की.

दादा: ...

आत्या: लिही.

दादा: मेस्सीने.

आत्या: मग? त्याला देव्हाऱ्यात बसवलास आणि याला वेशीबाहेर. २०१४ च्या फायनलमध्येही दुसऱ्या हाफच्या सुरुवातीलाच मेस्सी डावीकडून आत शिरला होता. तिथून तो झोपेत गोल मारतो. त्या दिवशी लांबच्या पोस्टच्या बाहेर. जादा वेळेत पालासियोने छातीवर घेऊन नॉयरच्या डोक्यावरून उचलला, तोही बाहेर. 'खालून मारायचा होता, पालासियो' ही तर तिकडे म्हणच झालीय. तिघांनी तीन सोडले, शिव्या एकाला.

मामा: ताई, यात एक भर घालतो. पहिल्या हाफच्या शेवटी आमच्या होवेडेसचा हेडर पोस्टला लागला होता. तेव्हा सुटलं दोन्हीकडून.

बाबा: मीही जागा आहे.

मी: बाबा, तुम्ही ऑनलाइन दिसत नव्हतात!

बाबा: चष्मा शोधत होतो. तुम्ही २०१४ चं काय घेऊन बसलात. १९९० बघा. रोम. तीच जर्मनी, तेव्हा पश्चिम जर्मनी. तोच स्कोअर. ८५ व्या मिनिटाला पेनल्टी, ब्रेमेने मारली, आपला गोली गोयकोचेआ बरोबर बाजूला झेपावला, तरी हाताला लागली नाही.

बाबा: आणि ती पेनल्टी होती का, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

मामा: भाऊजी, तेव्हाची तुमची टीम म्हणजे नुसती मारामारी. नऊ जणांवर संपवली होती मॅच.

बाबा: चार जण निलंबित होते. त्यात कॅनिजिया. सेमीफायनलला चेंडू हाताला लागला आणि पिवळं कार्ड, फायनल गेली. तरीसुद्धा सांगतो, त्या स्पर्धेतला ब्राझीलविरुद्धचा एक पास मी विसरणार नाही. मॅराडोनाचा घोटा सुजलेला. पूर्ण मॅच ब्राझील खेळलं. शेवटी शेवटी त्याने मध्यातून चेंडू घेतला, तीन-चार जण अंगावर ओढले, आणि पडता पडता उजव्या पायाने कॅनिजियाला दिला. बस. १-०. एवढ्यासाठी ती सगळी रडकी स्पर्धा मी माफ केली.

छोटू: आजोबा, मॅराडोना रडला होता का फायनलला?

बाबा: रडला. त्याच्याबरोबर मीही. तुझ्या आजीला विचार.

आत्या: अण्णा, तुम्ही मुद्द्यावरच आलात. मला तेच म्हणायचंय. छोटू, आता नीट वाच. मोठा मेसेज आहे.

आत्या: त्या फायनलच्या पाच दिवस आधी जर्मनीने ब्राझीलला त्यांच्याच देशात ७-१ केलं होतं. अर्ध्या तासात पाच गोल. सगळे म्हणत होते की अर्जेंटिनाचाही चुरा होणार. त्यात डी मारिया नाही. बेल्जियमविरुद्ध मांडी दुखावली होती. फायनलच्या सकाळी रेआल माद्रिदचं पत्र आलं, याला खेळवू नका म्हणून. त्याने ते न उघडता फाडलं, असं त्यानेच नंतर लिहिलंय. कोच सबेलाकडे जाऊन सांगितलं, तुम्हाला योग्य वाटेल ते करा. आणि रडला. सबेलाने एन्झो पेरेझला खेळवलं. आणि या टीमने, झाबालेटा, डेमिचेलिस, गाराय, रोहो, पुढे बिलिया आणि मास्केरानो, याच जर्मनीला ११२ मिनिटं एक गोल मारू दिला नाही. त्याआधी स्वित्झर्लंड १२० मिनिटं, बेल्जियम ९०, नेदरलँड्स १२०. बाद फेरीत एकूण ४४२ मिनिटं कोरी. इराणविरुद्ध मेस्सीने भरपाई वेळेत वाचवलेली ही टीम, आठवतंय ना? साखळीत कशी रडत-खडत खेळत होती? सगळ्यात चांगली मॅच ती खेळली फायनलला. आणि तीच हरली. मला दुःख हरल्याचं नाही. त्या मॅचची आठवण म्हणून सगळे एक हुकलेला चेंडू दाखवतात, त्याचं आहे.

वहिनी: आत्या, ४४२ तुम्ही आत्ता मोजलंत?

आत्या: २०१४ लाच मोजलंय.

मामा: खरं बोलायचं तर आम्हालाही त्या रात्री काही सुचत नव्हतं. केदिरा वॉर्म-अपमध्ये दुखावला, त्याच्या जागी क्रामर. क्रामरच्या डोक्याला गारायचा खांदा बसला आणि पोरगं भ्रमिष्टासारखं फिरतंय. रिझोलीला जाऊन विचारलं, ही फायनलच आहे ना? अर्ध्या तासाने त्याला बाहेर घेतलं, शुर्ले आला. आणि क्रॉस शुर्लेचाच. काय म्हणायचं याला!

दादा: म्हणजे गारायच्या खांद्यामुळे हरलो.

मी: झालं. पुढच्या वर्षीपासून दादा गारायला धरणार.

छोटू: आत्याआजी, त्यातलं बघण्यासारखं काय आहे? हरलेलं सोडून.

आत्या: शाब्बास. सेमीफायनल, ९ जुलै. तो त्यांचा स्वातंत्र्यदिन. नेदरलँड्सशी ०-० चालू. पहिल्या हाफमध्ये मास्केरानोचं डोकं आपटलं, उभा राहिला तर पाय लटपटताहेत. तरी परत आला. ९० मिनिटं झाली आणि त्यांचा रॉबेन आत शिरला. समोर गोली. संपलं असंच वाटलं. तेवढ्यात कुठूनसा मास्केरानो घसरत आला आणि शेवटच्या क्षणी पायाचा अंगठा लावला. कॉर्नर. मी आयुष्यात गोलवर जेवढी ओरडले नसेन तेवढी त्या कॉर्नरवर ओरडले.

दादा: मग पेनल्टीआधी तो रोमेरोचा चेहरा धरून म्हणाला, आज तू हिरो होणार.

आत्या: रोमेरो! वर्षभर क्लबने बाकावर बसवलेला गोली. व्लारची अडवली, स्नायडरची अडवली.

दादा: स्वित्झर्लंडची पण सांग. ११८ वं मिनिट. मेस्सी मधून पळत सुटला, सगळे त्याच्याकडे, उजवीकडे डी मारिया मोकळा. गोल. आणि लगेच जेमाइलीचा हेडर पोस्टला लागून परत त्याच्याच गुडघ्यावर आणि बाहेर. मी तेव्हा जमिनीवर होतो.

वहिनी: सोफ्याच्या मागे होतास.

मी: वहिनी, तू कोणाचीच नाहीस ना? मग तुला आठवतं कसं?

वहिनी: मला सोफा आठवतो.

छोटू: पण आत्याआजी, २०२२ ला तर जिंकलो ना आपण. मग सगळं फिटलं.

दादा: हो, आणि त्याआधी २०२१ ला कोपा, त्याच माराकानावर. गोल डी मारियाचा. कतारच्या फायनललाही त्याचा गोल. मला विचाराल तर हिशेब पूर्ण.

आत्या: डी मारियाचा पूर्ण. मेस्सीचा पूर्ण. २०१४ च्या २३ जणांमधले कतारला गेले ते हे दोघंच. माराकानावर त्या दिवशी सुरुवातीला उतरलेल्या अकरांपैकी एकटा मेस्सी. बाकी दहांना काय मिळालं? मास्केरानो २०१८ नंतर थांबला. हिग्वाइनने कतारच्या महिनाभर आधी बूट काढले. सबेला २०२० च्या डिसेंबरमध्ये गेला, त्याने कोपाही पाहिला नाही. त्यांच्याकडे ११३ वं मिनिटच राहिलं.

दादा: ...

दादा: सबेलाचं माझ्या लक्षातच नव्हतं.

बाबा: मॅराडोनानंतर दोन आठवड्यांतच गेला तो.

हा मेसेज काढून टाकला आहे.

मी: मामा, काय लिहून पुसलंस?

मामा: काही नाही.

मी: मी वाचलं. "हिग्वाइनने मारला असता तर" इथपर्यंत.

मामा: तर ऐका. दादा माझ्या शेजारी बसला होता त्या रात्री. क्रूसने तो हेडर मागे मारला आणि हिग्वाइन एकटा दिसला, तेव्हा मी डोळे मिटले. मनात म्हटलं, गेली मॅच. पुढचं पाहिलंच नाही.

छोटू: मग मामाआजोबा, गोल झाला नाही हे तुम्हाला कसं कळलं?

मामा: तुझ्या बाबाने उशी फेकली. मला लागली.

दादा: ती तुलाच मारली होती.

वहिनी: छोटू. झोप. आता खरंच.

छोटू: आई, फक्त मास्केरानोचं एकदा बघतो.

आत्या: मी लिंक पाठवते. आवाज बंद ठेव, तुझी आजी झोपलीये.