मदत हवी आहे: चित्राचं कमिशन रखडलंय, रिफंड कसा नि किती मागावा?

एका फ्रीलान्स चित्रकाराला ऑनलाइन कमिशन दिलंय, म्हणजे पैसे देऊन माझ्यासाठी चित्र काढायला सांगितलंय. पूर्ण पैसे पेपॅलवरून आगाऊ दिले, तेही 'गुड्स अँड सर्व्हिसेस' (खरेदीचं पेमेंट, ज्यावर तक्रार करता येते) प्रकारानेच. रफ स्केच लगेच आलं आणि खरंच सुंदर होतं. मान किंचित वळवलेली, हातांची बोटंसुद्धा नीट. मी तेव्हाच होकार कळवला. त्यानंतर लाइनआर्टचा (स्केचवरून पक्क्या रेषांत काढायच्या चित्राचा) पत्ता नाही. विचारलं की 'तब्येत बरी नाही, पुढच्या आठवड्यात नक्की' असं उत्तर येतं. तो आठवडा काही उजाडत नाही. मधल्या काळात नवीन कमिशन घेणं मात्र चालू आहे, आणि हेच मला जास्त खुपतंय.

आजारपण खोटं आहे असं मला म्हणायचं नाही. पण पेपॅलवर तक्रार नोंदवायला पैसे दिल्यापासून १८० दिवसच मिळतात, आणि ती मुदत आता जवळ आलीय. नुसत्या आश्वासनांवर ती हातची जाऊ द्यायची नाही.

पहिला प्रश्न: स्केच मंजूर झालेलं असताना पूर्ण रिफंड मागणं योग्य आहे का? झालेल्या कामाचे पैसे त्यांना मिळायलाच हवेत असं मला मनापासून वाटतं. पण स्केचचा वाटा किती धरायचा? आमच्या बोलण्यात टप्प्यांचे दर ठरलेच नव्हते.

शिवाय, तक्रारीआधी शेवटची तारीख देणारा मेसेज कसा लिहावा? धमकी वाटू नये, पण मोघमही नको. तुमच्यापैकी कुणी चित्रकार असाल तर जरूर सांगा, असा मेसेज आला तर कोणत्या भाषेत आलेला तुम्हाला चालेल?