भूतान : सहा रात्रींत काय पाहावं, काय सोडावं?

प्रश्न (पायवाट) : नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात फुन्शोलिंग या सीमेवरच्या गावामार्गे भूतानला जायचं आहे. आम्ही दोघं, साठीपुढची आई आणि नऊ वर्षांचा मुलगा. आत सहा रात्री मिळतील. थिम्फू, पुनाखा, पारो, फोब्जिखा आणि बुमथांग एवढं बसेल का? आईचे गुडघे दुखतात, टायगर्स नेस्ट हा कड्यावरचा मठ जमेल का?

उत्तर (देवराई) : बुमथांग काढून टाका. थिम्फूपासून जायलाच अख्खा दिवस लागतो आणि यायलाही तेवढाच. माझ्या मते क्रम असा ठेवा: थिम्फू दोन रात्री, फोब्जिखा एक, पुनाखा एक, पारो दोन. फोब्जिखा साधारण २९०० मीटरवर आहे, त्यामुळे आधी थिम्फूच्या २३०० मीटरवर दोन रात्री काढलेल्या बऱ्या. थिम्फूहून निघताना दोचुला खिंडीत (३१०० मीटर) सकाळी लवकर पोहोचा. दुपारी ढग चढले की हिमशिखरं दिसत नाहीत, फक्त १०८ चोर्तेन (छोटे स्तूप) पाहून परतावं लागतं. फोब्जिखा पाहून पुनाखाला उतरा. ते जेमतेम १२०० मीटरवर असल्याने ऊबदार असतं आणि आईंना आराम पडेल. तिथला द्झोंग, म्हणजे मठ असलेला किल्ला, फो छू आणि मो छू या नद्यांच्या संगमावर आहे, त्याला घाईत उरकू नका.

थिम्फूचा ताशिछो द्झोंग हे सरकारी कार्यालयही आहे. कामाच्या दिवशी पर्यटकांना कचेरी सुटल्यावर संध्याकाळीच आत सोडतात, तेव्हा दिवसाचं नियोजन उलट्या बाजूने करा.

उत्तर (कडेकपारी) : टायगर्स नेस्ट, म्हणजे ताक्त्सांग, पारोच्या दुसऱ्या दिवशी ठेवा आणि सकाळी लवकर चढायला लागा. उशीर केला तर ऐन चढावर ऊन लागतं, वर पोहोचेपर्यंत मठाची जेवणाची सुट्टी होते आणि दाराशी बसून राहावं लागतं. जाऊन-येऊन पाच-सहा तास धरा.

आईंसाठी घोडा मिळतो, पण तो वाटेतल्या उपाहारगृहापर्यंतच, आणि फक्त चढताना. तिथून पुढे चढ आहे, मग दरीत उतरणाऱ्या पायऱ्या, धबधब्याजवळचा पूल आणि पुन्हा वर पायऱ्या. एकूण सातशेच्या वर. दुखऱ्या गुडघ्यांना खरा त्रास उतरताना होतो, म्हणून दोन काठ्या हव्यातच. उपाहारगृहापाशी थांबलं तरी समोरच्या कड्यावरचा मठ छान दिसतो. आईंनी तिथूनच परतावं असं मला मनापासून वाटतं. मठात मोबाइल, कॅमेरा, पिशवी नेता येत नाही. लांब बाह्या आणि पूर्ण पायघोळ कपडे लागतात, हा नियम द्झोंगांनाही आहे.

उत्तर (मेघवाट) : कागदपत्रं आधी पाहा, बहुतेकांची अडचण तिथेच होते. मोठ्यांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं, आधार चालत नाही. मुलाचा पासपोर्ट नसेल तर जन्मदाखला मूळ प्रतीत घ्या. शाश्वत विकास शुल्क भारतीयांना दर रात्री माणशी १२०० ङुल्ट्रम (भूतानचं चलन), सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मं. म्हणजे सहा रात्रींचे मोठ्यांना प्रत्येकी ७२०० आणि मुलाचे ३६००. फुन्शोलिंगमध्ये २४ तासांपर्यंत हे शुल्क लागत नाही. म्हणून पोहोचाल त्या रात्री तिथेच मुक्काम करा आणि सकाळी लवकर घाट चढा. स्वतःची गाडी न्यायची झाल्यास तिचं दररोजचं शुल्क वेगळं.

ङुल्ट्रम आणि रुपया समान किमतीचे आहेत. शंभराच्या नोटा सोबत ठेवा. उरलेले ङुल्ट्रम भारतात चालवायला त्रास होतो, ते तिथेच संपवा. घड्याळ अर्धा तास पुढे करायला विसरू नका.

उत्तर (देवराई) : तुमच्या तारखा ११ नोव्हेंबरला जुळत असतील तर फोब्जिखाची रात्र त्या दिवसाभोवती बसवा. तिथल्या गांगतेच्या मठाच्या आवारात काळ्या मानेच्या क्रौंचांचा उत्सव असतो. मुलाला तो नक्की आवडेल. पक्षी पाहायला पहाटे किंवा दिवस मावळताना जा, आणि दलदलीत उतरू नका, ते बिचकून उठतात. खोली ठरवताना बुखारी, म्हणजे खोली गरम ठेवणारी शेगडी, आहे का ते विचारा. रात्री तिथे पाणी गोठतं.