एक्सप्लेन अ‍ॅनालाइजचा प्लॅन टूलमध्ये कसा दाखवायचा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

टीमसाठी एक छोटं कमांड लाइन टूल लिहितोय, स्लो क्वेरी दिली की ते पोस्टग्रेस डेटाबेसवर एक्सप्लेन अ‍ॅनालाइज (क्वेरी खरोखर चालवून प्रत्येक टप्प्याचा वेळ सांगणारी कमांड) चालवून प्लॅन, म्हणजे त्या टप्प्यांची मांडणी, दाखवतं. कनेक्शन वगैरे सगळं झालंय, घोडं अडलंय ते आउटपुटच्या ऑप्शन्सवर.

पोस्टग्रेस ९.० पासून टेक्स्ट, एक्सएमएल, जेसन, यामल असे चार फॉरमॅट देतं. आम्हाला माणसांसाठी टेक्स्ट हवा आणि स्क्रिप्टसाठी जेसन, पण दोन्हीसाठी दोनदा अ‍ॅनालाइज करायचं म्हणजे क्वेरी खरोखर दोनदा चालते, दुसऱ्या वेळी बरीच पेजेस आधीच कॅशमध्ये असतात, मग पहिल्या आउटपुटमधले रीड (कॅशबाहेरून वाचलेली पेजेस) दुसऱ्यात हिट (कॅशमध्ये सापडलेली) होतात, वेळ बदलतो आणि दोघांचा मेळच बसत नाही. त्यामुळे जेसन एकदाच घ्यायचं आणि टेक्स्ट त्यातून आपण बनवायचा असं ठरवलंय. हे रीड-हिट दाखवणारा बफर्स ऑप्शन कायम चालू ठेवतोय, व्हर्जन १८ मध्ये तर अ‍ॅनालाइजबरोबर ते डिफॉल्टच झालंय.

आता खरा प्रश्न. समजा नेस्टेड लूपच्या (बाहेरच्या प्रत्येक ओळीसाठी आतला टप्पा पुन्हा चालवणारा जॉइन) आतल्या इंडेक्स स्कॅनवर अ‍ॅक्च्युअल टाइम ०.०३०, रोज (rows, म्हणजे मिळालेल्या ओळी) ०, लूप्स १२००० असं दिसतंय. नवीन मुलं ०.०३ मिलिसेकंद बघून पुढे जातात, पण तो आकडा एका लूपचा आहे, एकूण होतात ३६० मिलिसेकंद! म्हणून मला एकूण वेळ आणि एकूण रोज असे दोन कॉलम द्यायचेत. पण नुसता गुणाकार केला तर तीन ठिकाणी गडबड होते. पॅरलल प्लॅनमध्ये काम एकाच वेळी अनेक प्रोसेस करतात, दोन वर्कर आणि लीडर मिळून लूप्स ३ येतात, तिथे प्रत्येकी ४०० मिलिसेकंदांचे १२०० दाखवले तर घड्याळात तेवढा वेळ गेलेलाच नसतो. दुसरं म्हणजे १८ च्या आधी रोजचा आकडा राउंड होऊन येतो, मग ० गुणिले १२००० म्हणजे ० च. आणि जो नोड (प्लॅनमधला टप्पा) चाललाच नाही त्याला टेक्स्टमध्ये नेव्हर एक्झिक्युटेड असं सरळ लिहून येतं, जेसनमध्ये नुसते शून्य.

शिवाय एक सहकारी म्हणतोय की आउटपुट पाइपमध्ये (म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमकडे) गेलं की आपोआप जेसन द्यावं. मला ते पटत नाही. जाणकारांनी कृपया सांगा, तुम्ही काय केलं असतं?

प्रतिसाद १:
नेव्हर एक्झिक्युटेडचं सोपं आहे, अ‍ॅक्च्युअल लूप्स शून्य असेल तर तसं शब्दांत छापा. गॅदरच्या (वर्कर्सचे निकाल एकत्र करणारा नोड) खालच्या नोड्सचा गुणाकार करून त्याला वर्कर्स लाँच्ड (सुरू झालेले वर्कर्स) अधिक लीडरचा एक ने भागा, अंदाजे घड्याळाचा वेळ मिळेल, आणि कॉलमच्या नावातच अंदाजे लिहा. रोजचं मात्र जुन्या व्हर्जनवर काही करता येत नाही, ० म्हणजे सरासरी अर्ध्याच्या आत, म्हणजे १२००० लूप्समध्ये ६००० पर्यंत रोज असू शकतात, तेव्हा ० छापण्यापेक्षा ‘६००० पर्यंत’ छापा. खोटा नेमका आकडा सगळ्यात वाईट, त्यावर माणूस इंडेक्स टाकून मोकळा होतो. पाइपबद्दल तुमचंच बरोबर, लोक मोठा प्लॅन लेस या पानापानाने दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पाइप करून वाचतात, त्यांना अचानक जेसन दिसलं तर वैतागतील. फॉरमॅट मागितला तरच बदला. आणि मूळ जेसन प्रत्येक वेळी फाइलमध्ये ठेवाच, उद्या तुमच्या टेक्स्टवर शंका आली तर ताडून बघायला काहीतरी हवं.

धागाकर्ता:
खूप आभार! ‘६००० पर्यंत’ हे सुचलंच नव्हतं. अजून एक, गॅदरखालीच नेस्टेड लूप असेल तर आतल्या नोडच्या लूप्समध्ये सगळ्या वर्कर्सची बेरीज असते, तिथेही हाच भागाकार चालेल ना? वर्कर्सना काम सारखं वाटलं गेलं नसेल तर सरासरीने चित्र बिघडेल असं वाटतंय. एक्सप्लेनच्या व्हर्बोज ऑप्शनमध्ये प्रत्येक वर्करचे आकडे वेगळे येतात, ते कोणी वापरलेत का?