चकल्या संपल्या नाहीत तोच रेडिओवर नाताळ: एवढी घाई का?

साताऱ्याची लेक, इंडियानापोलिस
आई साताऱ्याहून चार महिन्यांसाठी आली आहे. मी सातला कामावर निघते. मग दिवसभर तिच्या सोबतीला ओट्यावरचा छोटा रेडिओ. इंग्रजी फारसं कळत नाही, पण इथल्या एका स्टेशनवरची जुनी संथ गाणी तिच्या ओळखीची झाली होती. कणीक मळताना त्यातली एक-दोन गुणगुणायचीसुद्धा. नोव्हेंबर लागला आणि एका सकाळपासून चोवीस तास नाताळचीच गाणी. आई म्हणाली, "अगं, नाताळला अजून दीड महिना आहे ना?" मला उत्तर देता येईना. अख्खं स्टेशन का बदलतात?

रेडिओवाला
ताई, मी नऊ वर्षं रेडिओच्या जाहिराती विकल्या, म्हणून सांगतो. निल्सन कंपनी श्रोते मोजते, आणि त्या आकड्यांवर स्टेशनच्या जाहिरातींचा भाव ठरतो. मोठ्या शहरांत तिने निवडलेली माणसं एक छोटं यंत्र अंगावर बाळगतात. स्टेशनच्या आवाजात कानाला न कळणारी खूण मिसळलेली असते, ती हे यंत्र टिपतं. त्यामुळे दुकानात, दवाखान्यात, ऑफिसात मागे चालू असलेला रेडिओसुद्धा मोजला जातो. आणि तिथे या दिवसांत काय लावतात? कोणालाच न खटकणारी नाताळची गाणी.

या मोजणीसाठी वर्षाचे चार-चार आठवड्यांचे १३ भाग पाडतात, शेवटच्याचं नावच 'हॉलिडे'. शिकागोचं ९३.९ लाइट एफएम, लॉस एंजेलिसचं कॉस्ट १०३.५ ही स्टेशनं त्या काळात पार वर जातात. एका शहरात अशी दोन स्टेशनं झाली की श्रोते वाटले जातात, म्हणून जो आधी सुरू करेल त्याच्याकडे लोक वळतात. आमच्याकडे तारीख शेवटपर्यंत गुपित असायची, समोरचा आदल्या दिवशी सुरू करेल या धास्तीने.

एक गोष्ट मात्र मला तेव्हाही सलायची. ज्या घरात ते यंत्र नाही, तिथलं ऐकणं मोजणीत धरलंच जात नाही. तुमच्या आईंचंही.

रात्रपाळी
मी वृद्धाश्रमात नर्स आहे. तीच ती गाणी वेगवेगळ्या गायकांच्या आवाजात आठ-आठ तास ऐकून डोकं भणभणतं, हे खरं. पण आमच्या एक आजी आहेत, मुलीचं नावही विसरल्या आहेत. गाणं लागलं की सगळी कडवी बरोबर म्हणतात, बोटांनी चादरीवर ताल धरतात. त्यांच्यासाठी मी १ नोव्हेंबरलाच लावते.

साताऱ्याची लेक, इंडियानापोलिस
दोघांचेही आभार. रेडिओवाले दादा, तुमचं उत्तर आईला वाचून दाखवलं. आपलं ऐकणं मोजत नाहीत याचं तिला काहीच वाटलं नाही. आजींबद्दल मात्र दोनदा वाचायला लावलं. मग विचारलं, जुनी गाणी परत कधी? बहुतेक स्टेशनं २५ डिसेंबरनंतर पूर्ववत होतात, असं सांगितलं. तिने फ्रिजवरच्या कालनिर्णयवर २६ तारखेला पेन्सिलीने गोल केला आहे. रेडिओ बंद केलेला नाही.