भावाले नोटीस आली, शुक्रवारी बोलावलं, जा लागते का?

पऱ्हाटी: लहान भावाले नोटीस आली. २०२१ च्या मारामारीतून तो निर्दोष सुटला, तरी हे काहून? पोळा तोंडावर आहे, बैलाचा साज घ्यायचा राहिला. नाही गेलं तर चालते का? लवकर सांगा.

दर्यापूरकर: तहसीलदाराची की एसडीओची (उपविभागीय अधिकाऱ्याची)? कलम?

पऱ्हाटी: पोलीस पाटलानं आणून देली. पिवळा कागद आहे.

दर्यापूरकर: रंग नाही विचारला, भाऊ.

गावठाण: चॅप्टर केस असन, शांतता राखीन अशी हमी लिहून घेतात ते. आमच्या मामाले झाली होती. बॉन्ड लिहून देला, जामीनदार उभा केला, दहा मिनिटांत मोकळे. डोकं नका लावू.

बोरीचं बी: लावा डोकं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १२६ (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १०७) असेल तर चॅप्टर, बॉन्ड फार तर एक वर्षाचा. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं ५६ असेल तर तडीपारी, दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर. तिथं मामाचा बॉन्ड कामाचा नाही.

पऱ्हाटी: ५६ अन् ५९ लिहिलं आहे. "साक्षीदार भीतीपोटी पुढे येत नाहीत" असंही.

पांदण: चारित्र्य प्रमाणपत्राचा अर्ज आता ऑनलाइन होते, सेतूत चकरा नका मारू.

बोरीचं बी: ते कोणी विचारलं? पऱ्हाटी, वकील घेऊन जाच. ५९ म्हणजे आदेशाआधी म्हणणं मांडायची संधी, आरोपांचं स्वरूप लेखी द्यावंच लागते. गैरहजर राहिलं तरी आदेश निघू शकते. निकालाची नक्कल जोडा. आदेश निघालाच तर ३० दिवसांत राज्य शासनाकडे अपील. जालन्याच्या प्रकरणात २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं शिळ्या गुन्ह्यांवरची तडीपारी रद्द केली.

दर्यापूरकर: पोलिसांचंही पाहा. तोरणाखाली कोणाची जोडी आधी, यावरून आमच्याकडं काठ्या निघतात. एकाले आधीच दूर ठेवलं तर बिघडलं काय?

बोरीचं बी: मग सगळ्या बैलवाल्यांलेच तडीपार करा! शिक्षा केलेल्या गुन्ह्याची असते, हा तर पुढं काय करन याचा अंदाज. तो चुकला तर दोन वर्षं फवारणी कोण करन, तुम्ही?

गावठाण: एसडीओ ऑफिसात माझा ओळखीचा आहे.

दर्यापूरकर: असेच ओळखीचे लोक बुडवतात. पऱ्हाटी, केस ती एकच ना?

पऱ्हाटी: एक सुटली. दुसरी चालू आहे, औंदाच्या होळीची.

बोरीचं बी: हे आता सांगता?