मदत हवी आहे: पोटगी वसुलीच्या निकाली प्रकरणांचं रेकॉर्ड संशोधनासाठी कसं पाहायला मिळेल?

पोटगीचा आदेश झाल्यावर पैसे हातात पडायला किती तारखा जातात, यावर माझी पीएचडी आहे. क्षेत्र नाशिक जिल्हा. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालचे (१ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १४४) वसुली अर्ज पाहायचेत. ई-कोर्ट्सवर (न्यायालयांच्या वेबसाइटवर) तारखा दिसतात, रक्कम भरली का ते कळत नाही. नकलेचा अर्ज 'तुम्ही पक्षकार नाही' म्हणून परत आला. दिंडोरीहून एसटीने येणाऱ्या एका ताईंनी पिशवीतून तारखांच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठाच काढून दाखवला, पण नुसत्या मुलाखतींवर गाइड समाधानी नाहीत (बरोबरच आहे म्हणा). विद्यापीठाचं पत्र आहे, नावं गाळणार आहे, चालू प्रकरणं नकोत. अशी परवानगी कुणी मिळवलीये का? अर्ज कौटुंबिक न्यायालयाच्या प्रमुख न्यायाधीशांकडे करायचा की थेट उच्च न्यायालयाच्या प्रबंधकांकडे?